आठ नंबरचे बूट

सांगलीत आमच्या घरी जिन्याखाली एक लाकडी खोकं आहे. त्यात बुटांचे दोन जोड असायचे. दोन्ही तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, एकाच दुकानातले. लग्नानंतर मोहनची पहिली नोकरी नगरच्या एका कारखान्यात होती. तिथल्या पहिल्या पाडव्याला त्याने मला सराफाकडे नेण्याऐवजी कॅन्टोन्मेंटजवळच्या एका दुकानात नेलं आणि दोघांना एकसारखे बूट घेतले. माझे सहा नंबरचे, त्याचे आठ. सासूबाईंनी ते पाहून विचारलं होतं, "सुधा, हे आता गळ्यात घालणार का?" गळ्यात नाही घातले, पण सह्याद्रीत जिथे जिथे गेलो तिथे पायात हेच होते. तळ तीनदा बदलले, वरचं कातडं मात्र तेच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी मोहनच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण जाताना डाव्या पंजाची ताकद घेऊन गेलं. पंजा उचलत नाही, फरफटतो. काठी घेऊन तो बाजारात जातो, बँकेत जातो, पत्ते कुटायला जातो. डोंगरात जात नाही. मी मात्र दर दिवाळीला दोन्ही जोड काढून एरंडेल चोळायची, सावलीत वाळवायची आणि परत खोक्यात ठेवायची. एक जोड चालून दमलेला, दुसरा नुसता बसून चकचकीत.

गेल्या पौषात आम्ही प्रवरेच्या काठाने जायचं ठरवलं. रतनगडाखाली उगम, प्रवरासंगमाला गोदावरीत शेवट, आणि मधली सगळी नदी नगर जिल्ह्यातच. मी पायी, मोहन एसटीने, मुक्कामाच्या गावी भेटायचं. साखर कारखान्यांमधला धुळीचा पट्टा मीसुद्धा एसटीनेच जाणार होते, उगाच फुशारकी कुणापुढे मारायची! पण माझा एक बेत होता आणि तो मी लपवलाही नव्हता. शेवटच्या दिवशी मोहनने त्याचे बूट घालायचे आणि निदान प्रवरासंगम गावातून घाटापर्यंत माझ्यासोबत चालायचं. त्यासाठी मी जुन्या पडद्याच्या दोन पिशव्या शिवल्या, दोन्ही निळ्या, पांढऱ्या फुलांच्या. एक माझ्या बुटांना, एक त्याच्या.

"घालशील ना?" मी विचारलं.

"बघू," मोहन म्हणाला.

रतनवाडी

निघताना लेकीने, मुक्ताने, मला दोन वस्तू दिल्या होत्या. एक कपाळाला बांधायचा दिवा आणि एक वाऱ्याचं जाकीट. या जाकिटाच्या कापडाला म्हणे श्वास घेता येतो. एवढी वर्षं आम्ही न श्वास घेणारे कपडे घालून कसे जगलो कोण जाणे.

रतनवाडीत ठमाबाईंच्या घरी उतरलो. धरणाचं पाणी अंगणाच्या जवळपास आलेलं आणि मागे गड. ठमाबाईंनी नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वाफाळता भात वाढला. आमच्याकडे भाकरी म्हणजे शाळूची आणि तिच्याजवळ खर्डा. भाताला आम्ही शेवटी, पोटात जागा उरली तर बोलावतो. इथे भात हाच यजमान. मी तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर ठमाबाई म्हणाल्या, "डोंगर चढाचा हाय का न्हाई? मग जेवा गुमान." मोहनला डोंगर चढायचा नव्हता, तरी तो गुमान जेवला.

तिन्हीसांजेला देवळाजवळचं कुंड बघायला गेलो. मी दिवा गळ्यात अडकवून वाकले आणि तो सटकून पाण्यात गेला. गेला तो गेला, वर पेटलेलाच गेला. तळाशी जाऊन तो तसाच जळत राहिला. भोवती मासे जमले. मी हळहळत होते, तर ठमाबाई हात जोडून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आक्का. द्येवाला दिवा लागला." मोहनला इतकं हसू आलं की त्याला पायरीवर बसावं लागलं.

अकोले, संगमनेर

राजूरच्या पेढ्यांविषयी ऐकलं होतं. मी पोचेपर्यंत मोहनने पुडा अर्धा केला होता आणि दुकानदाराच्या मेव्हण्याची सांगलीतली सोयरीक शोधून काढली होती. हे सगळ्या गावांत चाललं. मी घामाघूम होऊन पोचावं, तर हा बाकावर बसून चार माणसांच्या घरची खुशाली विचारतोय. अकोल्याच्या स्टँडवर चहावाल्याने त्याला विचारलं, "बाबा, तुमी न्हाई व्हय चालत?"

"आमच्यात चालायचं खातं बायकोकडं," मोहन म्हणाला, "बसायचं माझ्याकडं."

चहावाला हसला. मोहनही हसला, पण काठी त्याने बाकाखाली सरकवली.

अकोल्याच्या पुढे नदी रुंद होते, काठाला कांदा आणि ऊस. एका बांधावर मी दशम्या खायला बसले आणि जाकीट बाभळीला टांगलं. खाऊन उठले तर एका शेळीने डावी बाही संपवून उजवीला तोंड घातलं होतं. शेळीची मालकीण धावत आली, ओशाळली आणि ओटीत शेरभर शेंगा घालून गेली. मी राहिलेलं जाकीट तिलाच देऊन टाकलं. एका बाहीचा श्वास घेऊन करायचं काय?

गंमत म्हणजे दिवा गेला, जाकीट गेलं, आणि मला काहीच वाटलं नाही. संध्याकाळी संगमनेरला लॉजवर पोचल्यावर मी माझे बूट काढून पिशवीत ठेवले आणि दोन्ही निळ्या पिशव्या चाचपल्या. बूट होते. मग सगळं होतं.

त्या संध्याकाळी खाणावळीत मासवडी खाल्ली. नावात मासा, पण वडी बेसनाची, पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वरून झणझणीत रस्सा. मोहन खुशीत होता, म्हणून खोलीवर आल्यावर मी त्याचे बूट बाहेर काढले. "एकदा घालून बघ ना. सवय हवी. बघ, तळ अजून कसा कोरा आहे."

"उद्या," तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकीतून दिसायला काही नव्हतं, शेजारच्या बँकेची भिंत होती.

शिंगणापूरचा रस्ता

संगमनेरनंतरचा पट्टा एसटीने झाला. बेलापूरपासून मी पुन्हा थोडी चालले, तर टाचेला हा मोठा फोड आला. बूट पिशवीत गेले, पायात सपाता आल्या. नेवाशाला जायचं ते मोहन एकदम म्हणाला, "वाकडी वाट करून शिंगणापूरला जाऊया. शनिवार आहे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाने आयुष्यात सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा फक्त शिऱ्यासाठी खाल्लाय. "तुला शनी कधीपासून आठवायला लागला?"

"बिनदाराची घरं बघायचीत," तो म्हणाला.

घरं बघितली. चौकटी आहेत, दारं नाहीत. कुठे पडदा, कुठे कुत्रं येऊ नये म्हणून टेकवलेली फळी. मला आमच्या घरच्या तीन कड्या आठवल्या. जिन्याखालच्या बुटांच्या खोक्यालासुद्धा मी कडी लावलेली आहे.

त्या रस्त्याला रसवंत्यांची रांग आहे. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल आणि गोल गोल फिरणारी घंटा. आम्ही हौसाबाईंच्या रसवंतीवर थांबलो. साठीच्या बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बैलाशी आणि गिऱ्हाइकाशी एकाच सुरात बोलणाऱ्या. समोरच्या लिंबाखाली चपला-बुटांचा ढीग पडला होता. काही तर चांगल्या धडधाकट वहाणा.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

"कुनाच्याच न्हाईत आता. सोडल्याली पायतानं ती," हौसाबाई म्हणाल्या. "पनवती पायात असती म्हनत्यात. हितं पायतान सोडायचं, नवं घालायचं आन् मागं न बघता घरला जायाचं."

मोहनने रसाचा पेला खाली ठेवला. "कुणाचंही सोडलं तर चालतं?"

"आसं कसं? ज्याची पनवती त्याचंच पायतान पायजे, बाबा."

मी दर्शनाच्या रांगेत गेले. मोहनला उभं राहवत नाही, तो सामान सांभाळत खाटेवर थांबला. मी परतले तेव्हा तो तिसरा पेला पीत होता आणि बैलाचं नाव त्याला पाठ झालं होतं. चेहरा असा मोकळा दिसत होता की मला वाटलं, या फिरण्याने गडी पार बदलला. मनात म्हटलं, आता शेवटच्या दिवशी बूट घालतो की नाही बघ.

नेवासे

दुसऱ्या दिवशी सकाळी फोड बसला होता. संगमापर्यंतची शेवटची वाट तेवढी राहिली होती. मी पिशवी उघडली, बूट काढले, पाय घातला आणि पाय आत तरंगला. आठ नंबर. हसले, पिशव्या अदलाबदल झाल्या असतील म्हणून दुसरी शोधायला लागले. दुसरी पिशवी नव्हती. पलंगाखाली नाही, सॅकमध्ये नाही, बाथरूममध्ये नाही.

"मोहन, माझे बूट गेले! बघ तरी, ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथे माझे बूट चोरीला गेले!"

मोहन पलंगावर बसून सदऱ्याची बटणं लावत होता. त्याने माझ्या हातातल्या बुटांकडे पाहिलं, तळ उलटा करून नंबर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"चोरीला नाही गेले," तो म्हणाला. "मी सोडले."

"काय सोडलंस?"

"बूट. लिंबाखाली. माझे समजून."

मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि मी ओरडले, "अरे, पिशवी उघडून बघायचीस तरी!"

"उघडली असती तर सोडवले नसते," तो म्हणाला.

मी रडले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी फक्त माझ्या बुटांसाठी रडले. आयुष्यभराचे बूट ते. त्यांच्या आत माझ्या पावलाचा साचा होता, दुकानात कितीही पैसे मोजले तरी तो मिळत नाही. मोहन बिचारा काठी शोधत होता, "चल, आत्ता परत जाऊ, असतील अजून," म्हणत होता. रिक्षा करून आम्ही पुन्हा शिंगणापूरच्या रस्त्याला लागलो. सगळ्या वाटेत मी रिक्षाच्या बाहेर तोंड करून बसले.

लिंबाखाली ढीग नव्हता. झाडलेली जमीन होती आणि सकाळपासून साठलेल्या चार नव्या चपला.

"साफसफाईची ट्रॉली येती रोज सकाळी," हौसाबाई म्हणाल्या. "सम्दं भरून न्हेत्यात. काय झालं आक्का?"

मी काय झालं ते सांगितलं. हौसाबाईंनी चरक थांबवला. बैलही थांबला.

"म्हंजी बाबांनी त्यांची पनवती सोडाया तुमचं पायतान सोडलं?"

"हो."

"मंग बाबांची हाय तितंच हाय की! गेली ती तुमची." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "आन् बाबा, तुमाला वो कसली पनवती? बायकू उनातानात पायी, तुमी गाडीत. लई जनास्नी आसली पनवती पायजे हाय!"

मोहन हसला नाही. तो खाटेवर बसून काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत होता. हौसाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि न मागता दोन पेले रस पुढे ठेवला. "सोडल्यालं माघारी मागू नये, आक्का," त्या हळूच म्हणाल्या. "पर इचारावं मात्र. का सोडलं ते इचारावं मानसाला."

संध्याकाळी नेवाशाला नदीकाठी मी विचारलं. माऊली ज्याला टेकून बसले त्या खांबाच्या देवळातून आरती ऐकू येत होती आणि प्रवरेत बायका धुणं उरकत होत्या.

"सुधा, ते बूट चढवायला मला दोन हात माझे आणि दोन तुझे लागतात," मोहन म्हणाला. "चढवले की पाय जमिनीवरून उचलत नाही. दोन वर्षांपूर्वी तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा मी घालून बघितले. जिन्यापाशी पडलो. तुला सांगितलं नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? दर दिवाळीला तू ते घासूनपुसून ठेवतेस. त्यांची चकाकी बघितली की मला वाटतं, कुणीतरी मला वेळ देऊन स्टँडवर थांबलंय, आणि मी काही येणार नाही. तू थांबू नयेस म्हणून सोडले."

मला वाटत होतं, मी याची उमेद सांभाळतेय. उमेद माझी होती, आणि तिचं ओझं हा उचलत होता. तेही त्या पायाने. मी त्याचा हात धरला.

मग मोहनच म्हणाला, "नगरला उतरून तुला नवे बूट घेऊ. उद्या दोघंही एसटीनेच जाऊ संगमाला."

"तू जा एसटीने," मी म्हणाले. "मी चालत येते. बूट आहेत की."

प्रवरासंगम

सकाळी मी तीन जोड मोजे चढवले, टाचेला पट्टी बांधली, बुटांच्या टोकात कापूस कोंबला आणि मोहनचे बूट घातले. नाड्या घोट्याभोवती दोन वेढे घेऊन आवळल्या. खोलीत दोन फेऱ्या मारल्या, तर तो म्हणाला, "बदकासारखी दिसतेस." म्हटलं, बदकं पाण्यापर्यंत पोचतात, तेवढं पुरे.

नदीच्या अंगाने वाट आहे, कधी उसातून, कधी गव्हाच्या बांधावरून. पहिल्यांदा जड गेलं. तीन वर्षं न चाललेले बूट, कातडं कुरकुरत होतं. हळूहळू ते सैलावले. आत अंगठ्याच्या जागी एक खोलगट खळगा लागत होता, तो मोहनच्या अंगठ्याचा. उजव्या टाचेखालचं आतलं कातडंही बाहेरच्या बाजूने दबलेलं आणि माझाही पाय तिथे तसाच कलायला लागला. एवढ्या वर्षांत हा चढावर माझ्या मागून कसा यायचा, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा पायाने कळलं.

गव्हाला पाणी देणाऱ्या एका शेतकऱ्याने लांबूनच हटकलं, "आक्का, बूट मालकांचं दिसत्यात!"

"मालकांचेच."

"मंग मालक कुठं?"

"पुढं गेलेत, एसटीने."

"आन् बूट मागं ऱ्हायलं व्हय!" तो खो खो हसला आणि बांधावरचे दोन ओले हरभऱ्याचे डहाळे उपटून हातात दिले. मी ते सोलत सोलत गेले.

उन्हं चढता चढता पाणी दिसायला लागलं. धरणाच्या फुगवट्याने संगम असा पसरलाय की प्रवरा कुठली आणि गोदावरी कुठली, ते सांगता येत नाही. उथळ पाण्यात बगळे उभे होते. घाटाच्या खालच्या पायरीवर मोहन बसला होता, सपाता बाजूला, पाय पाण्यात, काठी मांडीवर. नवल म्हणजे आज शेजारी कुणी नवा ओळखीचा नव्हता. तो एकटाच वाटेकडे डोळे लावून बसला होता.

मी पायऱ्या उतरायला लागले. जड बुटांचा आवाज दगडावर घुमला आणि त्याने मान वळवली. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही. तो बुटांकडे बघत राहिला, धुळीने पांढरे झालेले, टोकाला ओल्या मातीचा गोळा, नाडीत अडकलेलं उसाचं पान. एक एक पायरी उतरत ते त्याच्याजवळ येत होते. ते त्याच्या अगदी समोर येऊन थांबले तेव्हा त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते.

"पोचलो का मी?" त्याने विचारलं.

"पोचलास," मी म्हणाले.

मी वरच्या पायरीवर बसले. मोहनने माझा एक पाय ओढून मांडीवर घेतला आणि नाडीची गाठ सोडायला लागला. मी गाठ घट्ट मारली होती, त्याला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला, तर त्याने तो बाजूला सारला. एक बूट काढला, मग दुसरा, मग मोज्यांचे तीनही जोड. दोन्ही बूट त्याने घाटावर नीट शेजारी शेजारी ठेवले, टोकं पाण्याकडे करून. मग आम्ही दोघं पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी गार होतं. मी उरलेला हरभरा त्याला दिला, त्याने अर्धा मला परत दिला.

त्या सहलीला आता बरेच महिने झाले. जिन्याखालच्या खोक्यात आता एकच जोड आहे, आठ नंबरचा. मुक्ता मला नवे बूट घेऊन देते म्हणून मागे लागलीय, मी नको म्हणते. खोक्याची कडी मात्र काढून टाकली आहे. परवा दिवाळीला मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, तर एरंडेलाचा वास आला. बाहेर येऊन बघते तो मोहन ओसरीवर पाय पसरून बसलेला, मांडीवर बूट, हातात फडकं. प्रवरेची माती अजून शिवणीत होती, तेवढी सोडून बाकी सगळं त्याने चकचकीत केलं होतं.

मी दारात उभी राहिले. त्याने वर न बघताच विचारलं, "यंदा मला कुठं नेतेस?"